सोडू नका, सोडून टाका

आमच्या साहेबांच्या तोंडून ‘नको’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. किती गोड वाटतं ना ऐकायला? वाटावं, माणूस दिलदार असेल, कुणाला नाही म्हणणं जिवावर येत असेल. छे हो! दिलदार-बिलदार काही नाही. सुट्टी मागायला गेलं की नकार ठरलेला. पण तो नकार “सुट्टी घेऊ नका” असा यायचा नाही. “उद्या ऑफिसला या” असा यायचा. “हे पत्र पाठवू नका” याला त्यांची भाषा “हे इथेच राहू द्या.” चहावाल्यानं दुसरा कप पुढे केला की हात आडवा धरून “बंद!” घरी वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, ताटात आणखी एक पोळी टाकायला वाकल्या की “थांबवा!” वहिनी वैतागून म्हणायच्या, “अहो, पोळी आहे ती, धरणाचं पाणी नाही.”

आता धरणाचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. आमचं ऑफिस ठाण्याला. काम एकच: डोंगरातल्या एका धरणात पाणी कधी किती साठवायचं आणि कधी किती सोडायचं हे ठरवायचं. धरणाच्या पायथ्याशी वीजघर. तिथं वीज करून बाहेर पडलेलं पाणी नदीनं खाली येतं, खालच्या बंधाऱ्यावर ते उचलतात, शुद्ध करतात आणि मग ते आमच्या मीरा-भाईंदरच्या नळांना येतं. पाणी एकच, हक्क सांगणारे तिघे. वीजवाल्यांना ते संध्याकाळी हवं, घरोघर दिवे-पंखे लागतात तेव्हा, एकदम धो धो. नळवाल्यांना हवं सारखं, संथ, आणि पार जूनपर्यंत पुरेल असं. धरणाखालच्या नदीकाठच्या माणसांना ते अचानक कधीच यायला नको असतं. या तिघांची समजूत घालणारं वेळापत्रक साहेब दरवर्षी मे महिन्यात करायचे. कुठल्या तारखेला धरण किती भरलेलं चालेल, त्याच्यावर गेलं तर किती सोडायचं, खाली राहिलं तर कुणाचं किती कापायचं. जुलै-ऑगस्टात वरची जागा मुद्दाम रिकामी राखायची, मोठा पाऊस आलाच तर त्याला मावायला. आणि पाऊस संपता संपता, सप्टेंबरअखेर, धरण काठोकाठ.

मी मराठवाड्यातली. आमच्याकडे उन्हाळ्यात घरातलं एक माणूस हंड्यामागे राबायचं, आणि ते माणूस लहानपणी मी होते. त्यामुळे ऐन जुलैत, धरण भरायला लागलेलं असताना, पाणी सोडायचा आदेश जाताना मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझा जीव तळमळला. नवीन होते, तरी बोललेच.

“भरतंय तर भरू द्या की, साहेब! वरनं फुकट येतंय. सोडायचं कशाला?”

साहेब येरझारा घालत होते. खुर्चीत बसलेला हा माणूस मी फार थोडा पाहिला. पायाला भिंगरीच. गाडीच्या किल्ल्या बोटात फिरवत ते खिडकीपर्यंत गेले, आभाळ बघून परत आले.

“मॅडम, तुम्ही दुष्काळातनं आलात, मी पुरातनं. माझं गाव कोकणातलं, नदीच्या काठावर. तुम्हाला रिकामा हंडा दिसला की धडकी भरते, मला भरलेला दिसला की.”

“भरलेल्या हंड्याला कोण भितं?”

“डोक्यावर असला की भितात,” म्हणाले आणि पुन्हा खिडकीशी गेले.

त्या दिवसापासून मी ‘दुष्काळ मॅडम’ झाले. सकाळी मी आत आले की, “या, दुष्काळ मॅडम.” मीही मनातल्या मनात त्यांचं नाव ‘महापूर’ ठेवलं. आणि भांडायला मला घरूनही रसद होती. आम्ही मीरा-भाईंदरमध्येच, हाटकेशला राहतो, मी आणि आई. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून आई घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवते, अगदी कुकरसुद्धा. टीव्हीवर धरणातनं विसर्ग सुरू म्हणून दाखवलं की ती मला फैलावर घ्यायची. “अगं, पानी सोडून देता व्हय तुमी? पगार घेऊन? पाप लागतंय, बाई.” दुसऱ्या दिवशी मी ते साहेबांना जसंच्या तसं सांगायचे. साहेब म्हणायचे, “आईंना माझा नमस्कार सांगा, आणि सांगा, पाणी मालकाचं नसतं, तारखेचं असतं.” आई म्हणायची, “लई शाना हाय तुझा सायेब.”

फोनचं त्यांचं तंत्र तर विचारूच नका. धरणावर दोनच शब्द बोलायचे. दरवाजे उघडायचे तर ‘सोडा’, बंद ठेवायचे तर ‘धरा’. तिसरा शब्द नाही. आणि ऐकणाऱ्यानं तोच शब्द परत म्हणून दाखवायचा, मगच फोन ठेवायचा. एकदा मी घाईत “आता सोडू नका” असं फोनवर बोलून गेले. साहेब खोलीच्या त्या टोकाकडून अक्षरशः धावत आले, फोन माझ्या हातातून घेतला आणि ओरडले, “धरा! धरा! काय ऐकलंत? परत म्हणा!” सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. मला इतका राग आला! दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

हे खूळ ऑफिसात राहिलं असतं तरी चाललं असतं. पण रिक्षात बसले की रिक्षावाल्याकडून पत्ता परत म्हणून घ्यायचे. “जेसल पार्क, भाईंदर ईस्ट. वापस बोलो.” रिक्षावाला म्हणायचा, “अंकल, रोज जाता हूँ मैं उधर.” “मालूम है. वापस बोलो.” मुलीच्या लग्नात भटजींकडून मुहूर्त परत म्हणून घेतला. भटजी भडकले.

आणि म्हशी! साहेबांकडे एक जुनी गाडी होती. जेसल पार्कहून निघून ते वाटेत हाटकेशला मला घ्यायचे आणि घोडबंदर रोडनं आम्ही ठाण्याला जायचो. काशीमीऱ्याच्या पुढे एक तबेला होता. तिथल्या म्हशी रस्त्याच्या कडेला आल्या की साहेब गाडी बाजूला घेत, स्टिअरिंगवरचे हात सोडत आणि म्हशींना नमस्कार करत. गमतीनं नव्हे, अगदी मनापासून, डोळे मिटून. मागचे लोक हॉर्न मारमारून कान किटवायचे. एकदा एक टेम्पोवाला शेजारी थांबून म्हणाला, “चाचा, गाय उधर है, ये भैंस है!” साहेब म्हणाले, “मालूम है.” मी मान खाली घालून मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले. देवाधर्माचं त्यांना काही नव्हतं, रस्त्यातल्या देवळांसमोरून सुसाट जायचे. मग म्हैसच का? विचारलं तर म्हणाले, “ओळख आहे जुनी.”

मला वाटायचं, चक्रम आहे, पण निरुपद्रवी आहे. जेसल पार्कच्या त्यांच्या सोसायटीचं मात्र तसं मत राहिलं नाही. झालं असं की सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, अख्खं धरण सांभाळणारा माणूस आपल्यात आहे, टाकीचं काम त्यांनाच देऊ या. साहेब खूश! लगेच वेळापत्रक केलं. पंप कधी लावायचा, किती वेळ, गच्चीवरची टाकी कितपत भरायची. वॉचमन उत्तर प्रदेशचा. त्याला दोन शब्द शिकवले. “छोड़ो बोला तो पंप चालू. धरो बोला तो पंप बंद. वापस बोलो.” त्यानं वापस बोलून दाखवलं.

रविवारी साहेब स्वतः गच्चीवर. टाकी हवी तेवढी भरल्यावर वॉचमनला फोन लावला आणि म्हणाले, “धरो!” मागे पंपाची घरघर. त्याला ऐकू गेलं, “भरो.” त्यानं शिकवल्याप्रमाणे परत म्हटलं, “भरो, साब!” साहेबांना ऐकू आलं, ‘धरो.’ समाधानानं ते घरी येऊन अंघोळीला गेले. इकडे टाकी भरली, सांडली, गच्ची भरली, जिन्यानं पाणी खाली यायला लागलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेननी गच्चीवर पापड वाळत घातले होते. “मारा पापड! बधा पापड पलळी गया!” म्हणून त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून सगळी बिल्डिंग जिन्यात आली. कुणीतरी खालून ओरडलं, “अहो धरणवाले, तुमचा सांडवा सुरू झाला!” आणि काय हसले लोक!

सोमवारी गाडीत हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. मीही खो खो हसले. हसता हसता त्यांच्याकडे बघितलं तर चेहरा पांढराफटक. म्हणाले, “परत म्हणून घेतलं होतं हो मी. परत म्हणून घेतलं तरी असं होतं?” पापडांचं दुःख असं नसतं, एवढं मला कळलं. माझं हसू जागच्या जागी विरलं.

त्याच आठवड्यात मी वहिनींना गाठलं. जेसल पार्कच्या त्यांच्या स्वयंपाकघरात त्या भाजी निवडत बसल्या होत्या. मी सरळच विचारलं, “वहिनी, साहेबांचं हे काय आहे? हा ‘नको’, हे परत म्हणणं, त्या म्हशी?”

वहिनींनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “तुला सांगितलं नाही होय त्यांनी? अगं, हे नवीन होते तेव्हा नोकरीत. आमची मुलगी रांगत होती. घट बसायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. नवरात्राच्या आधी आपल्याकडे बायका घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात ना, तशा धरणाखालच्या गावातल्या सगळ्या बायका गोधड्या घेऊन नदीत उतरलेल्या. आणि वीजघरातनं ह्यांना फोन आला, यंत्रं चालू करायची आहेत, पाणी सोडायचं का? ह्यांना ठाऊक होतं बायका आहेत ते. फोनवर म्हणाले, ‘सोडू नका, बाया आहेत नदीत.’ लाइन ही अशी खरखरत होती. पलीकडे ऐकू गेलं, ‘सोडून टाका.’”

मी तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. सोडू नका. सोडून टाका. तुम्हीही बघा घाईत म्हणून.

“मग?”

“मग काय? सोडलं त्यांनी. यंत्रातनं सुटलेलं पाणी कसं येतं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण नेमक्या त्या वेळी गावच्या म्हशी काठावर वाळत घातलेल्या गोधड्यांवर चढल्या, चिखलानं बरबटलेल्या. कुणीतरी बोंब मारली, आणि सगळ्या बायका हातातलं टाकून म्हशींच्या मागे वर धावल्या. त्यांच्या मागनं पाणी आलं. नदीत राहिलेल्या गोधड्या गेल्या वाहून. बाई एकही गेली नाही.” वहिनींनी पुन्हा जुडी उचलली. “लोक म्हणाले, देव पावला. हे म्हणतात, म्हशी पावल्या. त्या तिथंच रवंथ करत बसल्या असत्या तर? तेवढा एक प्रश्न ह्यांना आजपर्यंत बसू देत नाही बघ.”

मग मला आणखी एक गोष्ट उमगली. साहेबांच्या वेळापत्रकात सगळ्या तारखा इंग्रजी महिन्यांच्या, फक्त एक नोंद तिथीची असायची: घटस्थापनेआधीच्या दोन दिवसांत दिवसाउजेडी वीजघर बंद. वीजवाले दरवर्षी मीटिंगमध्ये हुज्जत घालायचे. “साहेब, सरकारी वेळापत्रकात देवीचे घट कशाला?” साहेब म्हणायचे, “देवीसाठी नाही हो, गोधड्यांसाठी.” वीजवाले हसायचे. पूर्वी मीही हसायचे. त्यानंतर नाही हसले. तबेल्यापाशी गाडी थांबली की आता मीही गुपचूप बसून राहायचे, मोबाइल बाजूला ठेवून.

साहेब सप्टेंबरअखेर निवृत्त होणार होते, आणि त्या वर्षी घट त्याच सुमारास बसत होते. पुढच्या वर्षापासून वेळापत्रक मी करायचं ठरलं होतं. महिनाभर ते मला एकच वाक्य ऐकवत होते. “मॅडम, एवढे घट पार पडू द्यात. माझ्या वेळापत्रकानं आजवर कुणाचा जीव घेतलेला नाही. जाता जाता घेऊ नये.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गलबलले. दहाव्यांदा ऐकलं तेव्हा वैतागले. “अहो साहेब, होईल सगळं व्यवस्थित!” ते म्हणाले, “होईल नाही. करावं लागतं.”

घट बसायच्या आदल्या दिवशी शनिवार होता. वेळापत्रकाप्रमाणे वीजघर बंद, धरण काठोकाठ, सगळे दरवाजे मिटलेले. साहेब दुपारी आमच्या घरी आले, मला काही समजावून द्यायचं म्हणून. खरं म्हणजे त्यांना घरी चैन पडत नव्हतं. आमच्याकडे घट नसतात, पण दसऱ्याला धम्मचक्र दिन, त्याच्या आधी आईसुद्धा अख्खं घर धुऊन काढते. त्या दिवशी तिनं साठवलेल्या पाण्यात गोधड्या बुडवल्या होत्या आणि बाल्कनीत पिळून टाकल्या होत्या. साहेब त्या गोधड्यांकडे बघून जे उभे राहिले ते उभेच.

“बसा की ओ सायेब,” आई म्हणाली. “जेवताना तरी टेकावं मानसानं.”

“हो, हो,” म्हणत ते ताट हातात घेऊन चालायला लागले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. धरणावरून दरवाजांवरचा माणूस बोलत होता. वरच्या डोंगरात परतीच्या पावसानं गाठलं होतं, ढगफुटीसारखं कोसळत होतं, आणि धरणात कणभर जागा नव्हती. “मॅडम, पानी चढतंय. दरवाजं उघडायला लागनार. जास्त वेळ न्हाय आपल्याकडं.”

साहेबांनी ताट ओट्यावर ठेवलं. “धरा म्हणा.”

“धरा,” मी म्हणाले.

“धरतो. पन लवकर सांगा.”

साहेबांनी स्वतःच्या फोनवरून खालच्या गावच्या पोलीस पाटलांना लावला, स्पीकरवर. पाटील नदीच्या काठावरच होते. मागे धोपटण्यांचा आवाज, बायकांचं हसणं, कुणीतरी गाणं म्हणतंय. धरणावरचा भोंगा लांबून ऐकू येत होता, आणि गाणं काही थांबत नव्हतं.

“पाटील, बायका वर काढा. पाणी सोडायला लागणार आहे.”

“सांगून ऱ्हायलोय, साहेब! आयकत न्हाईत. म्हनतात, भोंगा पावसाळाभर वाजतोय. हितं तर कडक ऊन पडलंय. दोन गोधड्या राहिल्यात, धुतो न् येतो म्हनतात.”

धरणाखाली नदी अरुंद आहे. एक दरवाजा बोटभर उचलला तरी तिथं पाण्याचा लोंढा जातो. आणि उचललाच नाही, तर पाणी दरवाजांवरून जाणार, मग धरणाचं काही सांगता येत नाही. मी जन्मभर भरलेलं धरण मागत आले होते. त्या दुपारी मला भरलेल्या धरणाची भीती वाटली. माझ्या कानाशी धरणावरचा माणूस म्हणत होता, “मॅडम? मॅडम, काय करू?” आई म्हणाली, “दम धरा म्हनावं त्याला! बाया हायेत की!”

साहेब एका जागी थांबले. मग फोन तोंडाजवळ धरून असे ओरडले की शेजारच्यांनी दार उघडलं.

“पाटील! म्हशी म्हणा! गोधड्यांवर म्हशी चढल्या म्हणून ओरडा!”

“आं? कुठं साहेब? म्हशी तर...”

“ओरडा हो! म्हशी! वाळत घातलेल्या गोधड्यांवर!”

मग पाटलांनी अशी काही बोंब मारली! “आगं बायांनो, म्हशी चढल्या गोधड्यांव! धावा!” आणि फोनमधून एकच गलका. “आगं बया बया!”, “कुनाच्या म्हशी त्या?”, “हान, हान तिला!” पाण्याचं छळाक छळाक, बांगड्या, धापा. सगळं वर वर येत होतं. साहेबांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“आल्या साहेब!” पाटील म्हणाले. “आल्या वर समद्या.”

“तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला वाटतंय?”

“म्हंजी... समद्याच दिसतात.”

“दिसतात नाही. एकेकीला फोनवर द्या.”

“साहेब, त्या आता लई चिडल्यात. म्हशी कुठं हायत म्हनून माझ्या अंगाव येतात.”

“येऊ द्या. मी बोलावलं म्हणून सांगा. फोन द्या त्यांच्या हातात.”

आणि सुरू झालं. पहिल्या बाईनं विचारलं, “कोन रं तू मुडद्या? कुठंय म्हस?” साहेब म्हणाले, “बाई, नाव काय तुमचं? घरातली दुसरी कोण होती नदीवर? तिला द्या.” दुसरीनं त्यांचं वाटोळं केलं. तिसरीनं खानदान काढलं. माझी धुतलेली वाकळ चिखलात पडली, तुझ्या तोंडात माती पडो, असं एक पोरगी रडत रडत म्हणाली. साहेब प्रत्येकीला नाव विचारत होते, शेजारीण वर आली का विचारत होते, आणि म्हणत होते, “अजून कोण? अजून कोण आहे? द्या तिला.” घाम त्यांच्या हनुवटीवरून गळत होता. आई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती.

“मॅडम, पानी दरवाजाच्या काठाला लागलंय,” माझ्या फोनमधून आलं.

“धरा,” मी म्हणाले. साहेबांना न विचारता.

तेवढ्यात तिकडे एक बाई शिव्या देता देताच थांबली. “आगं, पर म्हातारी कुठं हाय? खालच्या डोहाव बसल्याली. तिला कुठं आयकू येतंय?”

गलका बंद झाला. कुणीतरी पळाल्याचा आवाज. मग नुसता भोंगा आणि वारा. साहेबांनी डोळे मिटले. मीही मिटले असावेत, कारण त्यानंतरचं मला फक्त ऐकलेलं आठवतं. धरणावरच्या माणसाचा श्वास तेवढा येत होता. बाल्कनीतल्या गोधडीतून पाणी ठिबकत होतं. किती वेळ गेला कोण जाणे, मला तरी तो सरेना. मग लांबून कुणाला तरी खांद्यावर घालून आणल्यासारखी धाप, आणि त्या धापेवर एक म्हातारा, चिरका, संतापलेला आवाज.

“सोड मेल्या! खाली सोड मला! माजी गोधडी ऱ्हायली तिकडं! कुनी सांगितलं रं तुला उचलाया? कुठंय त्यो सायेब? दे इकडं. आरं भाड्या, तुज्या मढ्याव घालू का गोधडी? माज्या लेकीनं शिवल्याली हुती ती!”

साहेबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून मान हलवली. मग मान हलवणं त्यांना पुरेसं वाटलं नसावं. फोनवर हात ठेवून म्हणाले, “सोडा म्हणा. तुम्हीच म्हणा.”

“सोडा,” मी म्हणाले.

“सोडतो, मॅडम,” धरणावरचा माणूस म्हणाला.

दुसऱ्या फोनवर म्हातारी थांबायचं नाव घेत नव्हती. तिनं साहेबांच्या आईपर्यंत, आजीपर्यंत मजल मारली होती. साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि फोन कानाशी घट्ट दाबून ते म्हणत होते, “हो आजी. बरोबर आहे, आजी. द्या, अजून द्या.”